विजेरी : धाराशिव जिल्ह्यातील वापर व निवड

विजेरी : हातात धरून किंवा डोक्यास बांधून वापरता येणारे आणि विद्युत् घटांवर चालणारे प्रकाशसाधन. ‘टॉर्च’ हा इंग्रजी शब्दही मराठीत रुळला आहे. मराठवाड्याच्या ग्रामीण भागात मात्र ‘बॅटरी’ हेच नाव सर्वतोमुखी असून तिच्यातील घटांना ‘सेल’ म्हणतात. घट, दिवा, दिव्यामागील परावर्तक, पुढील काच वा भिंग, खटका आणि हे सर्व सामावून घेणारी नळी हे तिचे मुख्य भाग होत. घराची राखण, शेतातील रात्रीची कामे, जनावरांवरील देखरेख, प्रवास, तसेच आपत्तीच्या वेळचे मदतकार्य यांसाठी तिचा उपयोग होतो. प्रस्तुत नोंदीत धाराशिव जिल्ह्याच्या (२०२३ पूर्वीचे नाव उस्मानाबाद) अनुषंगाने विजेरीचा इतिहास व तिच्या निवडीचा विचार केला आहे. बालाघाटच्या डोंगररांगेवर व तिच्या उतारांवर वसलेला हा अवर्षणप्रवण जिल्हा मुख्यतः विहिरी व विंधन विहिरींच्या पाण्यावर शेती करतो. वस्त्या शेतांतून विखुरलेल्या आहेत आणि पिकांना पाणी देण्याचे काम गेली अनेक वर्षे वारंवार रात्री करावे लागले आहे. त्यामुळे येथे विजेरीची गणना विळा, खुरपे व दोर यांच्या बरोबरीने शेतीच्या अवजारांतच करावी लागते.

पूर्वीची साधने : विजेरीपूर्वी रात्रीच्या कामासाठी मशाल, दिवटी, टेंभा, पलिता इ. उघड्या ज्योतीची साधने वापरात होती. लोखंडी दांड्याच्या टोकाला चिंध्यांचा बोळा बांधून त्यावर बुधलीतून तेल सोडीत राहणे, ही त्यांची सर्वसाधारण रीत. तुळजापूरच्या भवानीच्या उपासनेत त्यांचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. गोंधळ्यांची दिवटी आणि भक्तांच्या हातातील पोत ही मूलतः याच कुळातील साधने होत.

राखणीच्या दृष्टीने मशालीत एक मूलभूत दोष होता. तिचा प्रकाश चहूकडे पसरतो व ज्योत धरणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच असल्याने त्याचेच डोळे दिपतात. परिणामी राखणदाराला चोर दिसण्यापूर्वी चोराला राखणदार दिसतो. जुन्या गावगाड्यात पाटलाच्या देखरेखीखाली जागल्या, वेसकर यांसारख्या गावकामगारांकडे रात्रीची राखण असे. दिवस मावळल्यावर वेस बंद करणे, हाळी देत गस्त घालणे व अनोळखी माणसाला हटकणे, हे त्यांचे काम प्रकाशापेक्षा आवाजावर आणि गावाच्या बारीकसारीक माहितीवरच अधिक चालत असे, ते यामुळेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेलाचा म्हणजे रॉकेलचा प्रसार होऊन कंदील आला. त्याची ज्योत वाऱ्यात टिकते. मात्र प्रकाश अपुरा असतो व कडब्याच्या गंजीजवळ किंवा गोठ्यात तो कलंडल्यास आगीचे भय असते. दाबाखालील तेलावर चालणारी गॅसबत्ती लग्नकार्यात व जत्रेत शोभली, परंतु ती घेऊन बांधावरून चालणे गैरसोयीचेच होते. वाटेल तेव्हा क्षणात लागणारा, विझणारा आणि एकाच दिशेने पडणारा प्रकाश ही गरज या साधनांनी भागविली नाही.

उगम : विजेरीची निर्मिती दोन स्वतंत्र शोधांच्या संयोगातून झाली. फ्रेंच अभियंते झॉर्झ लक्लांशे यांनी १८६६ मध्ये जस्त व मँगॅनीज डाय-ऑक्साइड यांचा विद्युत् घट तयार केला. त्यातील नवसागराचा विद्राव द्रवरूप असल्याने तो घट हलविणे अडचणीचे होते. जर्मनीतील कार्ल गास्नर यांनी १८८६ मध्ये हा विद्राव लगद्याच्या रूपात जस्ताच्या डब्यात बंदिस्त करून शुष्क घट सिद्ध केला. दुसरीकडे इंग्लंडमध्ये जोसेफ स्वॉन व अमेरिकेत टॉमस एडिसन यांच्या प्रयत्नांनी १८७९ च्या सुमारास कार्बन तंतूचा विद्युत् दिवा व्यवहारात येऊ लागला होता. न्यूयॉर्क येथे राहणारे इंग्रज संशोधक डेव्हिड मिसेल यांनी नळीत एकापुढे एक ठेवलेले घट, टोकाला दिवा व त्यामागे परावर्तक अशी रचना केली आणि १० जानेवारी १८९९ रोजी त्यांना तिचे अमेरिकी एकस्व मिळाले. रशियातून आलेले निर्वासित कॉनरॅड ह्यूबर्ट यांच्या कंपनीने ही वस्तू बाजारात आणली व प्रसारासाठी न्यूयॉर्कच्या पोलिसांना काही विजेऱ्या भेट दिल्या. म्हणजे जन्मापासूनच विजेरीचा संबंध राखणीशी आहे. हिंदीतील ‘चोरबत्ती’ हे तिचे नावही या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे, मग ती चोरावर रोखण्याची बत्ती असो की चोराने वापरावयाची.

आरंभीचे घट दुर्बळ होते. सलग जाळल्यास दिवा मंदावत असे. म्हणून तो क्षणभर लावून विझवीत असत आणि त्यावरूनच अमेरिकेत तिला ‘फ्लॅशलाइट’ म्हणजे क्षणदीप्ती देणारा दिवा हे नाव पडले. १९१० च्या सुमारास तन्य टंगस्टनाचा तंतू उपलब्ध झाल्यानंतर मात्र विजेरी भरवशाची वस्तू बनली. तिची मूळ रचना पुढे सु. ऐंशी वर्षे फारशी बदलली नाही.

भारतातील प्रसार : अमेरिकेत तयार झालेले शुष्क घट १९०५ पासून भारतातील मोठ्या शहरांत विकले जाऊ लागले. या व्यापारातून पुढे आलेल्या ‘एव्हरेडी’ कंपनीने १९३९ मध्ये कलकत्ता येथे घटांचा कारखाना काढला, १९५२ मध्ये मद्रास येथे दुसरा सुरू झाला आणि १९५८ मध्ये लखनौ येथे विजेऱ्यांचा कारखाना उभा राहिला. १९५९ पासून ही कंपनी युनियन कार्बाइड इंडिया या नावाने ओळखली जाऊ लागली. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेमुळे हे नाव सर्वांच्या परिचयाचे झाले. घराघरांतील सेल याच कंपनीचे होते, याची आठवण मात्र सहसा कोणी ठेवली नाही. अलाहाबादच्या ‘जीप’ विजेऱ्या व मुंबईचे ‘एस्ट्रेला’ घट हेही महाराष्ट्रात बरेच खपत.

उस्मानाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याचा पश्चिमेकडील व्यापार मात्र बार्शी व सोलापूर या ब्रिटिश हद्दीतील पेठांशी बांधलेला होता आणि बार्शी लाइट रेल्वेने या व्यापाराला वेग आणला. १९५६ मध्ये जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पितळी नळीची, चकचकीत मुलामा दिलेली विजेरी याच काळात खेड्यातील बऱ्या स्थितीतील घरांतून दिसू लागली. ‘एव्हरेडी’ची ‘जीवन साथी’ ही पितळी बॅटरी अशा विजेऱ्यांचा नमुना म्हणून सांगता येईल.

त्या काळी विजेरीची ताकद सेलच्या संख्येवरून सांगत : घरासाठी दोन सेलची, शेतासाठी तीन सेलची आणि रात्रीच्या गस्तीसाठी त्याहून लांब नळीची. हे माप ओबडधोबड असले तरी प्रामाणिक होते. प्रत्येक सेलचा विद्युत् दाब दीड व्होल्ट, म्हणजे दोन सेलची विजेरी तीन व्होल्टची व तीन सेलची साडेचार व्होल्टची; त्यानुरूप दिवा निवडलेला असे आणि ग्राहकाला नळीची लांबी डोळ्यांनी दिसत असे. आजच्या मापाने दोन सेलच्या विजेरीचा एकूण प्रकाश सु. १५ ते २५ ल्यूमेन एवढाच भरतो; पण खोलगट परावर्तकामुळे तो एकवटून बऱ्याच अंतरावर पोहोचत असे.

जस्त-कार्बन घटाचे डबडे हेच त्याचे ऋणाग्र असल्याने वापराबरोबर ते झिजते आणि अखेर त्यास भोके पडून आतील विद्राव बाहेर येतो. पावसाळ्यात पेटीत पडून राहिलेल्या कित्येक विजेऱ्या अशा रीतीने आतून गंजून निकामी झाल्या. यावर जाणत्या घरांत उपाय ठरलेले होते. काम नसेल तेव्हा सेल काढून ठेवीत, किंवा नकळत खटका दाबला जाऊन सेल उतरू नये म्हणून त्यांतील एक उलटा घालीत. मंदावलेले सेल उन्हात ठेवण्याची पद्धतही सार्वत्रिक होती. उष्णतेने घटातील रासायनिक विक्रिया काही काळ जलद होते, त्यामुळे प्रकाश तात्पुरता वाढतो. खर्ची पडलेले जस्त मात्र परत येत नाही.

विजेरीचा एक उपयोग आज निषिद्ध आहे. तीव्र झोतात ससा जागीच थबकतो, या गुणधर्माचा फायदा घेऊन माळरानावर रात्री शिकार करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने व त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनी अशी शिकार गुन्हा ठरली आहे.

रात्रीचे पाणी : महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाच्या स्थापनेनंतर (१९६०) खेडोपाडी वीज पोहोचू लागली, तेव्हा विजेरीची गरज हळूहळू संपेल अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात उलट घडले. विजेबरोबर विहिरींवर विद्युत् पंप आले. पंपांची संख्या वाढली, तशी दिवसाची वीज अपुरी पडू लागली. मोटेच्या काळी शेतकरी दिवसा पाणी काढीत असे. पंपाच्या काळात त्याला वीज येईल तेव्हा उठावे लागले. पुढे भारनियमन व शेतीपंपांसाठी चक्राकार वीजपुरवठा आला. दिवसा आठ तास अथवा रात्री दहा तास, अशा पाळ्यांनी वीज मिळण्याची ही व्यवस्था राज्यात वर्षानुवर्षे चालली. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटार चालू करणे, फुटलेला पाट बांधणे, उसाला वा गव्हाला दारे धरणे, ही सर्व कामे काळोखात होतात. दिवसा वीज देण्याच्या उद्देशाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आखण्यात आली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती हाती घेण्यात आली.

ओल्या बांधावरून अनवाणी वा चपला घालून चालणाऱ्या माणसाला खरा धोका सापाचा असतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप होत. त्यांपैकी मण्यार पूर्णतः निशाचर असून घोणसही मुख्यतः रात्रीच हिंडते. २००० ते २०१९ या काळासाठी केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सु. ५८,००० माणसे मृत्युमुखी पडली. हे मृत्यू बहुतांशी ग्रामीण भागातील आहेत. पायापुढील दोन-तीन मीटर जमीन स्पष्ट दिसणे, एवढ्यावर येथे माणसाचा जीव अवलंबून असतो.

दुसरा धोका जनावरांना असतो. उस्मानाबादी शेळी ही या जिल्ह्याच्या नावाने प्रसिद्ध असलेली जात अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांचा मोठा आधार आहे. माळरानावरील लांडगा हा तिचा जुना शत्रू. अलीकडे त्यात बिबट्याची भर पडली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किमी. अंतर तोडून आलेला एक नर वाघ डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यातील स्वयंचलित कॅमेऱ्यात टिपला गेला, तेव्हा परिसरातील वस्त्यांवर रात्रीच्या राखणीला नवे महत्त्व आले. या प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे परावर्तक थर असतो, त्यामुळे विजेरीच्या झोतात त्यांचे डोळे दुरून चमकतात. शेळ्यांचेही डोळे तसेच चमकतात. अनुभवी राखणदार डोळ्यांची उंची, त्यांतील अंतर व हालचाल यांवरून फरक ओळखतो. सापाच्या डोळ्यांना अशी चमक नसते. दूरचे श्वापद शोधण्याची रीत पायाजवळच्या सापासाठी निरुपयोगी ठरते, ती यामुळे.

चोरीचे स्वरूपही बदलले आहे. घरफोडीपेक्षा विहिरीवरील मोटार, तांब्याची केबल, खळ्यावरील सोयाबीन व गोठ्यातील जनावर यांची चोरी वस्तीवरील शेतकऱ्याला अधिक जाचते. पोलीस पाटलाच्या साहाय्याने ग्रामरक्षक दलांची गस्त निघते, तीत काठी, शिटी व विजेरी हीच साधने असतात.

१९९३ चा भूकंप : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी (जि. लातूर) परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे जमीनदोस्त झाली; सास्तूरसह तत्कालीन उमरगा तालुक्यातील गावांची मोठी हानी झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सु. ८,००० माणसे दगावली. दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदाची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. गणेशविसर्जनानंतरची ती पहाट होती. उजाडण्यास दोन तासांहून अधिक अवकाश होता आणि आकाशात चंद्र असला, तरी माळवदाच्या मातीखाली त्याचा उपयोग नव्हता. ज्या घरांत विजेरी होती, त्यांतील बहुतेकांत ती फळीवर, कोनाड्यात किंवा पेटीत, म्हणजे ढिगाऱ्याखालीच असणार. आपत्काळी कोसळलेल्या घराजवळ कंदील वा काडी पेटविणे घातक असते. म्हणून विजेरीचे तेथील स्थान दुसरे कोणतेही साधन घेऊ शकत नाही. तिची जागा उशाशी अथवा दाराच्या चौकटीजवळ, अंधारात हात लागेल अशी ठरलेली असणे, हे तिच्या प्रकाशाच्या तीव्रतेपेक्षाही अधिक महत्त्वाचे ठरते.

प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थाचे युग : जपानमधील निचिया कंपनीत शूजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा प्रकाश देणारा द्विप्रस्थ म्हणजे प्रचारातील एलईडी तयार केला व त्यावर प्रस्फुरकाचा थर देऊन १९९६ मध्ये पांढरा प्रकाश मिळविण्यात आला. निळ्या द्विप्रस्थाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन घट बाजारात आणलेला होता. या दोहोंच्या मिलाफाने विजेरी मुळापासून बदलली. विजेरीतील तंतुदीप एक वॉट विजेतून १० ल्यूमेनहूनही बहुधा कमीच प्रकाश देई. चांगला एलईडी १०० ल्यूमेन वा त्याहून अधिक देतो. शिवाय त्याचा तंतू तुटण्याचा प्रश्नच नाही.

मधल्या टप्प्यात शिसे-अम्ल संचायक बसविलेल्या, भिंतीवरील खटक्यात घालून भारित करावयाच्या प्लॅस्टिकच्या विजेऱ्या ग्रामीण बाजारपेठेत पसरल्या. त्या स्वस्त असल्या, तरी उतरलेल्या स्थितीत काही महिने पडून राहिल्यास त्यांच्या संचायकातील पट्टिकांवर कठीण क्षार साचून तो कायमचा निकामी होतो. शेतकऱ्याचे काम हंगामी, त्यामुळे हा दोष येथे विशेष प्रकर्षाने जाणवला.

निवड : सेलच्या संख्येचे माप मागे पडून आता वेष्टनावर छापलेल्या आकड्यांचे राज्य आले आहे, आणि हे आकडे पुष्कळदा निव्वळ खोटे असतात. त्यांची परीक्षा साध्या अंकगणिताने करता येते. मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा १८६५० या प्रकारचा लिथियम-आयन घट (व्यास १८ मिमी., लांबी ६५ मिमी.) सु. ३·६ व्होल्ट दाबाचा असून चांगल्या घटाची धारिता ३,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास असते; म्हणजे त्यात ११ ते १२ वॉट-तास ऊर्जा साठते. वॉटला १०० ल्यूमेन या हिशेबाने १,००० ल्यूमेन प्रकाशास १० वॉट लागतात व असा घट तासाभरात संपतो. तोच १०० ल्यूमेनवर सु. दहा तास चालतो. रात्रपाळीच्या विजेचे तासही दहाच, हे येथे ध्यानात घ्यावे. एका घटाच्या विजेरीवर ‘एक लाख ल्यूमेन’ असे छापलेले असेल, तर तिला १,००० वॉट लागले असते. एवढी शक्ती पाणी तापविण्याच्या विद्युत् तापकाला लागते. त्याचप्रमाणे या आकाराच्या घटावर ९,९०० मिलिअँपिअर-तास अशी धारिता लिहिलेली असल्यास ते लेबल खोटे समजावे.

ल्यूमेन हे सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे माप होय. झोत किती दूर जाईल हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी झोताची तीव्रता कँडेलात पाहावी लागते. अमेरिकेत २००९ मध्ये तयार झालेल्या एफएल-१ या मानकानुसार, ज्या अंतरावर प्रदीपन ०·२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढे उरते, ते झोताचे अंतर मानतात. तीव्रतेच्या वर्गमुळाची दुप्पट केली की हे अंतर मीटरमध्ये मिळते : २,५०० कँडेलाचा झोत १०० मी., १०,००० चा २०० मी. व ४०,००० चा ४०० मी. पोहोचतो. अंतर दुप्पट हवे असल्यास तीव्रता चौपट लागते. चांदण्याएवढ्या उजेडात काहीतरी हलते आहे एवढेच समजते; माणूस आहे की जनावर, हे ओळखण्यासाठी छापील अंतराचे निम्मेच अंतर उपयुक्त धरावे. याच मानकात प्रकाश मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ हा चालण्याचा काळ समजतात. वेष्टनावरील ‘वीस तास’ या शब्दांत बहुतेक काळ मिणमिणता उजेडच असू शकतो, तो असा.

घराच्या राखणीसाठी अंगण, गोठा व परसदार मिळून ३० ते ५० मी. टप्पा बहुधा पुरतो. तेथे अतितीव्र, अरुंद झोतापेक्षा रुंद प्रकाश बरा. जवळच्या पांढऱ्या भिंतीवरून परावर्तित झालेला तीव्र प्रकाश राखणदाराचेच डोळे दिपवितो, आणि अंधाराला पूर्ण सरावण्यास डोळ्यांना पुन्हा वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणजे मशालीचा जुना दोष नव्या रूपात परत येतो. एका दाबात पूर्ण प्रकाश देणारा खटका असणे आवश्यक आहे. घाबरलेल्या माणसाला पाच प्रकारांतून हवा तो प्रकार शोधणे जमत नाही. विजेरी अंगापासून दूर, बाजूला धरल्यास समोरच्याला माणसाची नेमकी जागा कळत नाही. तिचे काम दिसण्यापुरते व हटकण्यापुरते आहे. तिला हत्यार मानून अंधारात एकट्याने पाठलाग करणे धोक्याचे होय.

शेतात दोन वेगळ्या गरजा असतात व एकच विजेरी दोन्ही नीट भागवीत नाही. पायवाटेसाठी ५० ते १०० ल्यूमेनचा पसरट प्रकाश पुरेसा होतो. दोन्ही हात मोकळे ठेवणारी, डोक्यास बांधावयाची विजेरी दारे धरताना किंवा ऊसतोडणी कामगारांना पहाटे मोळ्या भरताना सोयीची असते; परंतु तिचा प्रकाश दृष्टीच्या रेषेतच पडत असल्याने वस्तूंच्या सावल्या डोळ्यांना दिसत नाहीत व जमीन सपाट भासते. कमरेच्या उंचीवर हातात धरलेल्या विजेरीचा तिरपा प्रकाश ढेकूळ, दोर व साप यांची सावली पाडतो. सापाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. निळसर पांढऱ्या प्रकाशात पाचोळ्यावरील घोणस मिसळून जाते. रंग जसेच्या तसे दाखविणारा किंचित पिवळसर प्रकाश त्यासाठी अधिक चांगला. विंचू अतिनील किरणांत हिरवट चमकतो, म्हणून वस्तीवर झोपण्याची जागा तपासण्यासाठी लहान अतिनील विजेरीही उपयोगी पडते. लांडगा किंवा बिबट्या यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी मात्र १५० ते २०० मी. पोहोचणारा अरुंद झोत हवा. वन्य प्राणी दिसल्यास झोत टाकून त्याच्याकडे चालत न जाता मोठ्याने आवाज करीत माघार घेणे व वन विभागास कळविणे हे योग्य.

कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला रात्री पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची गरज आणखी वेगळी असते. चांदण्यात त्यांना वाट दिसतच असते. आपण वाहनचालकाला दिसणे महत्त्वाचे. त्यासाठी मागे जाणारा मंद लाल दिवा पुरतो, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत रोखणे अपघाताला निमंत्रण देते.

पाणी व धूळ यांपासूनचे संरक्षण ‘आयपी’ या अक्षरांपुढील दोन अंकांनी दर्शवितात. पहिला अंक धुळीचा व दुसरा पाण्याचा. दुसऱ्या जागी ४ असल्यास शिंतोडे चालतात, ७ असल्यास विजेरी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. पाटात पडण्याची शक्यता असलेल्या विजेरीस ७ हा अंक असावा. घट बदलता येणारा असणे इष्ट, कारण लिथियम-आयन घट काही वर्षांनी क्षीण होतोच. ज्या घरात वीज अनियमित आहे किंवा विजेरी महिनोन्महिने पडून राहते, तेथे साध्या बाजारी सेलवर चालणारी एक जास्तीची विजेरी, सेल बाहेर काढून, ठेवणे शहाणपणाचे. हे सेल कोणत्याही खेड्याच्या किराणा दुकानात मिळतात. लिथियम-आयन घट उष्णतेपासून जपावे लागतात. जिल्ह्यात उन्हाळी तापमान ४०° से. च्या वर जाते. तेव्हा ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी ते ठेवू नयेत. फुगलेला अथवा वेष्टन फाटलेला घट वापरणे टाळावे. निकामी सेल उकिरड्यावर टाकले, की त्यांतील धातू शेणखताबरोबर शेतात जातात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले घट परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तोपर्यंत ते प्लॅस्टिकच्या डब्यात, अग्रांवर चिकटपट्टी लावून, कोरड्या जागी वेगळे साठविणे सुरक्षित असते.